चॅट्सवर्थ आणि कॅव्हेंडिश घराणे : दांडिया बाजारातील एका अभ्यासवर्गाविषयी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, इतिहासाच्या एक निवृत्त शिक्षिका मराठीतून सशुल्क अभ्यासवर्ग चालवितात. विषय एकच आहे : इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील चॅट्सवर्थ हे घर आणि पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ ज्यांच्याकडे ते आहे ते कॅव्हेंडिश घराणे. चार रविवारच्या चार बैठका, प्रत्येक बैठक दोन तासांची, मध्ये चहा. श्रोत्यांत बहुतेक जण मुलांकडे लेस्टर, बर्मिंगहॅम किंवा लंडनला उन्हाळ्यात जाऊन राहणारे आईवडील असतात. काही विद्यापीठातून निवृत्त झालेले प्राध्यापक असतात आणि थोडे तरुणही दिसतात. मी हा वर्ग पूर्ण केला आहे आणि त्याचे शुल्क सार्थकी लागले असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही दोन-तीन ठिकाणी तो कमी पडतो, आणि तेही सांगितले पाहिजे.

राजवाड्याचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. झुंबरे किती वजनाची, फरशी कोठून आणली, खोल्या किती, हे सांगून झाले की काम संपते. लक्ष्मीविलास पॅलेस बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे हे वाक्य वडोदऱ्यातल्या प्रत्येकाने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेले असते की, तो बांधायला पैसा कोठून आला आणि आजवर तो राखला कसा गेला, हे प्रश्न मनात येतच नाहीत. बाईंनी (सगळे त्यांना बाईच म्हणतात) ही रीत पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवली. भिंतीवर त्यांनी खतावणीच्या पानासारखा एक मोठा कागद लावला होता. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. प्रत्येक पिढीने घराण्यात काय आणले आणि काय घालविले, याची नोंद त्या कागदावर चौथ्या बैठकीपर्यंत वाढत गेली. श्रोत्यांनाही तसाच छापील, पण कोरा कागद दिला होता आणि नोंदी ज्याने त्याने स्वतः करायच्या होत्या. या एका युक्तीमुळे ड्यूक आणि डचेस यांच्या नावांची जंत्री न राहता पूर्ण कथा डोळ्यांसमोर उभी राहिली.

पहिली बैठक बेस ऑफ हार्डविक हिची आहे. डर्बीशरमधल्या बेताच्या परिस्थितीतल्या घरात जन्मलेल्या या स्त्रीने चार लग्ने केली आणि प्रत्येक लग्नानंतर तिची मालमत्ता वाढली. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले ख्रिस्ती मठ बंद करून त्यांच्या जमिनी राजाच्या ताब्यात घेतल्या, त्या कामावरच्या अधिकाऱ्यांपैकी तो एक होता आणि त्या व्यवहारांत त्याने स्वतःसाठीही पुष्कळ जमीन मिळविली. पण ती जमीन दूर दक्षिणेकडे होती. बेसने त्याला ती विकायला लावून आपल्या माहेरच्या मुलखात यायला लावले, आणि १५४९ मध्ये दोघांनी चॅट्सवर्थची जागा ६०० पौंडांना विकत घेतली. जमेच्या बाजूला पहिली नोंद ‘मठांच्या जमिनी’ अशी पडली, तेव्हा सभागृहात थोडी चुळबूळ झाली. बाईंनी त्यावर भाष्य केले नाही, पुढच्या नोंदीकडे वळल्या. ते मला योग्य वाटले.

बेस हिशेबाची पक्की होती. घराच्या खर्चाच्या वह्या ती स्वतः तपासून त्यांवर सही करी, आणि त्या वह्यांपैकी काही आजही शिल्लक आहेत. तिचा चौथा नवरा श्रूसबरीचा अर्ल हा स्कॉटलंडच्या राणी मेरीचा राखणदार होता, म्हणून १५६९ नंतरच्या वर्षांत मेरीला अनेकदा चॅट्सवर्थमध्ये नजरकैदेत ठेवले गेले. एका कैदी राणीचा आणि तिच्या लवाजम्याचा खर्च सोसता सोसता अर्ल मेटाकुटीस आला, कारण एलिझाबेथ राणीकडून त्यासाठी मिळणारी रक्कम नेहमीच अपुरी असे. ‘नावे’ बाजूची ही पहिली मोठी नोंद. पुढे या नवराबायकोत बिनसले, बेस आपल्या माहेरच्या हार्डविक गावी गेली आणि १५९० च्या दशकात तिने तेथे हार्डविक हॉल उभारला. तेव्हा काच अतिशय महाग होती. भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त असलेले ते घर म्हणजे उघडउघड श्रीमंतीचे प्रदर्शन होते. १६०८ मध्ये बेस वारली. तिच्या विल्यम नावाच्या मुलाने थोरल्या भावाकडून चॅट्सवर्थ विकत घेतले आणि १६१८ मध्ये राजा पहिल्या जेम्सला १०,००० पौंड मोजून डेव्हनशरचा अर्ल ही पदवी मिळविली. त्या काळी पदव्या अशा उघड दराने मिळत.

दुसऱ्या बैठकीचा पूर्वार्ध राजकारणाचा आहे आणि तो बाईंनी झपाट्याने संपविला. चौथा अर्ल हा १६८८ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध विल्यम ऑफ ऑरेंज या डच राजपुत्राला इंग्लंडला येण्याचे निमंत्रण धाडणाऱ्या सात जणांपैकी एक होता; क्रांती यशस्वी झाली आणि १६९४ मध्ये त्याला अर्लहून वरची ड्यूक ही पदवी मिळाली. याच माणसाने जुने एलिझाबेथकालीन घर बाजू-बाजूने पाडून आजचे चॅट्सवर्थ बांधले. विल्यम टालमन या वास्तुकाराकडून दक्षिणेची बाजू आधी झाली, आणि एक बाजू पाहून दुसरीचा मोह होत होत १७०७ पर्यंत चारही बाजू नव्या झाल्या. वरच्या मजल्यावर राजा-राणी मुक्कामाला येतील म्हणून भव्य दालनांची रांग तयार केली. नवा राजा विल्यम आणि त्याची राणी मेरी तेथे कधी आलेच नाहीत.

या दालनांपैकी एकातील दार बाईंनी पडद्यावर बराच वेळ ठेवले आणि मला वाटते, सबंध वर्गात श्रोते सर्वांत शांत झाले ते तेव्हाच. दार अर्धवट उघडे आहे. त्याच्या मागे दुसऱ्या दारावर रेशमी फितीने टांगलेले एक व्हायोलिन आणि त्याचा गज दिसतो. लाकडाचा तकाकणारा रंग, तारांखालची बारीक सावली, खुंटीचा डोळा, सगळे खरे वाटते. ते चित्र आहे. यान व्हॅन डर व्हार्ट या डच चित्रकाराने ते घराण्याच्या लंडनमधल्या डेव्हनशर हाउससाठी रंगविले होते आणि ते चॅट्सवर्थला १८३० च्या दशकात आणले गेले. बाईंनी प्रतिमा मोठी करत करत खुंटीपाशी नेली आणि रंगाचा फटकारा कोठे संपतो ते दाखविले. माझ्या शेजारी बसलेले सद्गृहस्थ दिलरुबा वाजवितात. त्यांनी पुढे वाकून तारांची घोडी नीट बसविली आहे की नाही ते पाहिले आणि समाधानाने मान हलविली. आपल्या गावात १८८६ पासून संगीताची शाळा आहे, तेव्हा अशी पारख करणारा श्रोता मिळणे वावगे नाही.

याच बैठकीत लग्नांचा हिशेब येतो. चौथ्या ड्यूकने १७४८ मध्ये बर्लिंग्टनच्या अर्लची मुलगी शार्लट बॉइल हिच्याशी लग्न केले आणि तिच्याबरोबर लंडनचे बर्लिंग्टन हाउस आणि चिझिकचे घर, यॉर्कशरमधले बोल्टन ॲबी, आयर्लंडमधला लिझमोरचा किल्ला आणि त्यांच्या जमिनी या घराण्यात आल्या. जमेची बाजू या एका लग्नाने जेवढी फुगली तेवढी दुसऱ्या कोणत्याही घटनेने फुगली नाही. हाच चौथा ड्यूक १७५६-५७ मध्ये काही महिने इंग्लंडचा पंतप्रधान होता, आणि यानेच केपेबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकाराकडून नदीकाठची जमीन आज दिसते तशी मोकळी, हिरवी करून घेतली. पाचव्या ड्यूकच्या काळात एक्टन येथील तांब्याच्या खाणीने भरघोस नफा दिला आणि त्यातून बक्सटन गावात अर्धचंद्राकार इमारत उभी राहिली. त्याच काळात त्याची पत्नी जॉर्जियाना जुगारात कर्जबाजारी झाली. बाईंनी जॉर्जियानाच्या खासगी आयुष्याबद्दल मोजकेच सांगितले आणि कर्जाचा आकडा मात्र फळ्यावर लिहिण्याचे टाळले, कारण तिने स्वतःच तो नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपविला होता आणि निरनिराळ्या वेळी निरनिराळा सांगितला होता. असा संयम मला आवडतो.

तिसरी बैठक सहाव्या ड्यूकची आणि त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याची आहे. मला ती सर्वांत आनंदाची वाटली, आणि माझी मुख्य तक्रारही याच बैठकीबद्दल आहे. सहावा ड्यूक अविवाहित राहिला. १८२६ मध्ये त्याने पॅक्स्टनला बागेचा मुख्य नेमले तेव्हा पॅक्स्टन बावीस वर्षांचा होता. पुढच्या तीस वर्षांत या दोघांनी मिळून जे केले त्यावर घराण्याचा निम्मा लौकिक उभा आहे. १८३६ ते १८४० या काळात काचेचे एक प्रचंड उष्णगृह बांधले गेले, ज्यातून घोडागाडी जाऊ शकत असे. १८४४ मध्ये रशियाचा झार येणार म्हणून टेकडीवर तळे खणून, केवळ उतारावरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर उडणारे कारंजे तयार केले. त्याच्या धारेची उंची २९६ फुटांपर्यंत नोंदली गेली आहे. झारही आला नाही, पण तळे कामास आले : १८९३ मध्ये त्याच पाण्यावर टर्बाइन बसवून घरात वीज खेळविली गेली. १८४९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या महाकाय कमळाला पॅक्स्टनने इंग्लंडमध्ये प्रथमच फूल आणले. त्याच्या पानावर आपल्या लहान मुलीला उभे केले, आणि त्या कमळासाठी बांधलेल्या काचघराच्या अनुभवावरून १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस उभा केला.

या बैठकीत टेबलावर केळ्यांच्या दोन फण्या ठेवल्या होत्या. एक बसराईची, आखूड आणि जाड सालीची, दुसरी बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या ग्रँड नैनची, लांब आणि सारख्या वळणाची. बाईंनी दोन्हींतले एक-एक केळे सोलून कापले आणि बशी फिरविली. पॅक्स्टनने १८३० च्या सुमारास मॉरिशसच्या वाटेने आलेले एक बुटके केळीचे झाड मिळविले, चॅट्सवर्थच्या काचघरात वाढविले, १८३५ मध्ये त्याला फूल आले, आणि मालकाच्या आडनावावरून त्याने त्या झाडाला कॅव्हेंडिश हे नाव दिले. पुढे तेथून त्याची रोपे मिशनऱ्यांबरोबर सामोआपर्यंत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास ग्रो मिशेल ही तोवरची निर्यातीची जात पनामा रोगाने बसली आणि जगाच्या बाजारपेठेत कॅव्हेंडिश गटाने तिची जागा घेतली. आणंद-भरूच पट्ट्यात आणि तिकडे जळगावात आज जी ग्रँड नैन पिकते ती याच गटातली, आणि आपली बसराईही याच गटातली. मात्र बाईंनी लगेच स्पष्ट केले की, बसराई चॅट्सवर्थहून आपल्याकडे आलेली नाही. हा गट मुळात आशियातलाच, डर्बीशरने त्याला फक्त नाव दिले. असा भेद सांभाळून बोलणारी माणसे थोडी असतात. एखादा उथळ वक्ता ‘तुमच्या ताटातले केळे ड्यूकने दिले’ असे म्हणून टाळ्या घेऊन मोकळा झाला असता.

हिंदुस्थानशी आणखी एक धागा येथे जुळतो. १८३५ मध्ये पॅक्स्टनच्या हाताखालचा जॉन गिब्सन हा माळी ड्यूकच्या खर्चाने कलकत्त्याला आला, खासी टेकड्यांत हिंडला आणि १८३७ मध्ये ऑर्किडांच्या पेट्या घेऊन परतला. लक्ष्मीविलासच्या बागेची आखणी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात काम केलेल्या विल्यम गोल्डरिंग यांनी केली हे आपल्याला ठाऊक असते. तिकडची रोपविद्या इकडे येण्याच्या कितीतरी आधी इकडची रोपे तिकडे गेली होती, हे तेवढ्याच आवर्जून सांगितले पाहिजे. बाईंनी ते सांगितले.

सहाव्या ड्यूकला मूलबाळ नव्हते, म्हणून १८५८ मध्ये पदवी आणि मालमत्ता चुलत शाखेतल्या नातेवाइकाकडे गेली. येथे वर्गात जी चर्चा झाली तशी इंग्लंडमध्ये कधी झाली नसती. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारले, “बाई, मग त्यांनी दत्तक का घेतला नाही? आपल्याकडे जमनाबाईसाहेबांनी घेतलाच की.” बाई म्हणाल्या, “काका, त्यांच्याकडे दत्तकाला पदवी मिळतच नाही. रक्ताचा वारस शोधत मागे मागे जायचे, आणि कोणीच सापडला नाही तर पदवी बुडाली.” मग त्यांनी दोन्ही वंशावळी शेजारी-शेजारी लावल्या. मल्हाररावांना १८७५ मध्ये पदच्युत केल्यावर खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळरावांना त्याच वर्षी २७ मे रोजी दत्तक घेतले आणि ते सयाजीराव झाले. शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा राजा होऊ शकतो ही वाट आपल्या धर्मशास्त्रात आणि रिवाजात होती. इंग्रजी सरदारघराण्यांच्या रचनेत ती मुळातच नव्हती, आणि म्हणून त्यांच्या इतिहासात भाऊ, पुतणे आणि चुलतभाऊ यांना एवढे महत्त्व आहे. या तुलनेवर बाई आणखी अर्धा तास बोलल्या असत्या तरी मी ऐकले असते.

आठवा ड्यूक ड्यूक होण्याआधी हार्टिंग्टन या नावाने ओळखला जाई आणि एप्रिल १८८० ते डिसेंबर १८८२ या काळात तो लंडनमध्ये भारतमंत्री होता. सयाजीराव महाराजांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ रोजी, म्हणजे बडोद्याचा कारभार लंडनहून ज्या खात्याच्या नजरेखाली होता त्या खात्याचा प्रमुख त्या दिवशी कॅव्हेंडिश घराण्याचा थोरला मुलगा होता. लक्ष्मीविलासचे काम त्या वेळी चालू होते. त्याचे मूळ वास्तुकार मेजर चार्ल्स मँट यांचा १८८१ मध्येच मृत्यू झाला आणि रॉबर्ट चिझम यांनी ते पुढे नेऊन १८९० मध्ये पूर्ण केले. अधिकारदानाची ही तारीख ऐकून वडोदऱ्याचा श्रोता सरसावून बसतो, आणि तसे होणे स्वाभाविक आहे.

माझी तक्रार आता सांगतो. याच हार्टिंग्टनचा धाकटा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आयर्लंडचा मुख्य सचिव म्हणून डब्लिनला पोहोचला त्याच दिवशी, ६ मे १८८२ रोजी, फीनिक्स पार्कमध्ये त्याचा खून झाला. वर्गात ही घटना एका वाक्यात आटोपली. लिझमोरच्या आयरिश जमिनी शार्लट बॉइलच्या लग्नाने जमेस आल्या हे दुसऱ्या बैठकीत सांगितले होते. त्या जमिनी कसणारी कुळे कोण होती, खंड किती कष्टाने भरत होती, १८४० च्या दशकातल्या दुष्काळात त्या बेटावर काय झाले, याबद्दल चारही बैठकांत जवळजवळ काही नाही. जमा-नावे लिहिण्याची पद्धत निवडली की, जमेच्या रकमेमागे कोण राबले हेही लिहावे लागते. पहिल्या बैठकीत मठांच्या जमिनींचा उल्लेख करणाऱ्या बाईंनी येथे हात आखडता घ्यावा याचे मला वाईट वाटले. कारंजी आणि काचघरे यांत जेवढा वेळ गेला त्यातला पाऊण तास येथे द्यायला हवा होता. मी हे त्यांना वर्ग संपल्यावर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि वहीत टिपून घेतले.

चौथी बैठक या वर्गाचा कळस आहे. १९०८ मध्ये आठवा ड्यूक वारला आणि पाच लाख पौंडांहून अधिक मृत्युकर (वारशाच्या मालमत्तेवरचा कर) घराण्यावर बसला. पुतण्या नववा ड्यूक झाला. त्याने १९१४ मध्ये इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्सटन याच्या छापखान्यातली पुस्तके आणि शेक्सपिअरच्या नाटकांच्या आद्य प्रती अमेरिकेतल्या हंटिंग्टन यांना विकल्या. पहिल्या महायुद्धात कोळसा नसल्याने उष्णगृहातली झाडे मेली आणि १९२० मध्ये पॅक्स्टनची ती इमारत सुरुंग लावून पाडावी लागली. लंडनचे डेव्हनशर हाउस त्याच सुमारास विकले गेले, १९२४ मध्ये पाडले गेले, चिझिकही गेले. दुसऱ्या महायुद्धात घरात लष्कर घुसण्यापेक्षा विद्यार्थिनी बऱ्या, या विचाराने दहाव्या ड्यूकने वेल्समधले पेनरोस हे मुलींचे विद्यालय चॅट्सवर्थमध्ये आणविले. राजासाठी सजविलेल्या दालनांत १९४६ पर्यंत शाळकरी मुलींच्या खाटा होत्या.

मग मृत्यूंची साखळी येते. दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा विल्यम याने मे १९४४ मध्ये अमेरिकेच्या केनेडी घराण्यातल्या कॅथलीनशी लग्न केले आणि सप्टेंबरमध्ये तो बेल्जियममध्ये मारला गेला. कॅथलीन १९४८ मध्ये विमान अपघातात गेली. तिची कबर चॅट्सवर्थजवळच्या एडन्सर गावात आहे आणि १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना तिचा भाऊ जॉन तेथे येऊन गेला. विल्यमच्या वडिलांनी १९४६ मध्ये मालमत्ता धाकट्या मुलाच्या, अँड्र्यूच्या नावे व्यवस्थेत घातली होती. त्यानंतर त्यांनी पाच वर्षे जगणे आवश्यक होते. तसे झाले असते तर कर लागला नसता. नोव्हेंबर १९५० मध्ये लाकूड फोडताना हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला, मुदतीला अवघे तीन-चार महिने उरले असताना. कराचा दर ८० टक्के होता आणि घराण्यावर सुमारे ७० लाख पौंडांची आकारणी झाली.

ती रक्कम कशी फेडली हे सांगताना बाईंनी खतावणीच्या उजव्या बाजूला एकेक ओळ सावकाश लिहिली. हजारो एकर जमीन विकली. रेम्ब्रांटचे एक चित्र नॅशनल गॅलरीकडे गेले. क्लोद लोरँच्या रेखाटनांची वही ब्रिटिश म्युझियमकडे गेली. होल्बाइनने काढलेले आठव्या हेन्रीचे मोठे रेखाटन नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीकडे गेले. ज्या राजाच्या हुकमाने मठ बंद झाले आणि घराण्याची पहिली जमीन जमेस आली, त्याचेच चित्र कर फेडण्यात गेले. आणि बेसने बांधलेला हार्डविक हॉल सरकारने कराच्या बदल्यात घेऊन १९५९ मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे सोपविला. सर्व देणे फिटायला १९७४ साल उजाडले. १९८१ मध्ये पूसँचे एक चित्र आणि इतर वस्तू विकून निधी उभा केला गेला, घर आणि बाग ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका धर्मादाय विश्वस्त संस्थेकडे दिली गेली, आणि तेव्हापासून ड्यूकचे कुटुंब आपल्या राहत्या भागाचे भाडे त्या संस्थेला भरते. या सगळ्यात अकराव्या ड्यूकची पत्नी डेबोरा हिचा वाटा मोठा होता : १९७३ मध्ये मुलांसाठी गोठा दाखविण्याची सोय, १९७७ मध्ये शेतमालाचे दुकान, असे करत तिने घर स्वतःच्या कमाईवर चालेल इतपत आणले.

येथेही श्रोत्यांनी वर्ग आपलासा केला. भारतात १९५३ ते १९८५ या काळात मृत्युकर होता हे तरुणांना ठाऊक नव्हते; सयाजीगंजात वकिली केलेल्या एका वयोवृद्ध बाईंनी त्या काळी मालमत्तेची विवरणे कशी भरली जात ते सांगितले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले तेव्हा गावात काय बोलले जात होते, हेही कोणी आठवून सांगितले. मकरपुरा पॅलेस हवाई दलाकडे आहे, नजरबाग पॅलेस पाडला गेला, आणि लक्ष्मीविलास उभा आहे. या तिन्हींची खतावणी कोणीतरी अशीच लिहावी, बडोदे संस्थानच्या खानगी खात्याच्या कागदपत्रांवरून लिहावी, असे सर्वांचे म्हणणे पडले. बाईंनी तसा वर्ग घेण्याचे आश्वासन दिले नाही. कागद वाचायला दोन वर्षे लागतील, एवढेच म्हणाल्या.

काही व्यावहारिक बाबी. माडीचा जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. गुडघे दुखत असतील तर खालच्या खोलीत ध्वनिक्षेपकावर ऐकण्याची सोय आहे, पण तेथून पडदा दिसत नाही आणि या वर्गात चित्रे न पाहणे म्हणजे निम्मे गमावणे आहे. छापील वंशावळीत पाच-सहा विल्यम एकाखाली एक येतात आणि त्यांपुढे जन्ममृत्यूची वर्षे नाहीत. ती घातलीच पाहिजेत. ध्वनियंत्रणा तिसऱ्या बैठकीत दोनदा बंद पडली. चहाबरोबर शेवउसळ दिली जाते, ती चांगली असते, पण त्यासाठी ठेवलेली पंधरा मिनिटे कधीच पुरत नाहीत आणि उत्तरार्ध उशिरा सुरू होतो.

इंग्लंडला जाणाऱ्यांनी हा वर्ग जाण्याआधी करावा. चॅट्सवर्थमध्ये पाहण्यासारखे इतके आहे की, एका दिवसात ते नुसते डोळ्यांखालून जाते. १८४९ मध्ये जवळच्या राउझ्लीपर्यंत रेल्वे आली तेव्हाच एका उन्हाळ्यात ८०,००० माणसे घर पाहून गेली होती. आजही गर्दी असते, आणि कोणत्या दारासमोर थांबायचे हे आधी ठाऊक असले तर बरे पडते. न जाणाऱ्यांनीही तो करावा. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल असे सांगितले गेले आहे. जागा चाळीसच आहेत आणि नावनोंदणी समक्ष, वाड्याच्या खालच्या खोलीत, संध्याकाळी पाच ते सात या वेळेत होते.